स्कॅन झालं, पुढे काय? जुन्या संग्रहाला एआय लावताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेठेतल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर तुम्ही आहात. देणग्या जमवून बांधीव मासिकं, वर्तमानपत्रांचे अंक, पोथ्या, मोडी कागदांचे काही रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), जुने फोटो आणि व्याख्यानांच्या कॅसेटी असं सगळं डिजिटाइज झालं आहे. ते हार्ड डिस्कवर पडून आहे आणि कुणी वापरत नाही. आता एका कंपनीचा प्रस्ताव आलाय की एआय लावून सगळं शोधता येईल असं करून देतो, वर तुमच्या संग्रहाशी वाचकांना चक्क गप्पा मारता येतील. घ्यावा का, आणि सुरुवात कुठून करावी?

प्रस्ताव आहे तसा घेऊ नका, तुकडे पाडून घ्या. गप्पांचं कलम सगळ्यात शेवटी ठेवा.

कारण असं की वाचकाला हवं ते पान सापडणं हे एक काम आणि त्या पानावर काय लिहिलंय ते बिनचूक कळणं हे दुसरं. पहिल्या कामात यंत्र थोडं चुकलं तरी चालतं. त्याने दहा पानं काढून दिली आणि त्यातली सहाच उपयोगी निघाली, तरी अभ्यासकाचे कित्येक दिवस वाचतात. उरलेली चार तो बघून बाजूला करतो. दुसऱ्या कामात एक अक्षर हललं तर माणसाचं आडनाव बदलतं, वतनाचा धनी बदलतो. विकणारे लोक ही दोन्ही कामं एकाच वाक्यात आणि एकाच किमतीत विकतात. पुण्यातल्या लहान-मोठ्या संग्रहांबरोबर काम करताना मी हे पुन्हापुन्हा पाहिलंय: यंत्राला वाटाड्या म्हणून ठेवलं की पैसे वसूल होतात, साक्षीदार म्हणून उभं केलं की भानगड होते.

एआयचा विचार नंतर, आधी डिस्क उघडून बघा. बहुतेक ठिकाणी 'नवीन फोल्डर ३', त्यात 'आयएमजी ०००१' पासून पुढे हजारो फायली, आणि कुठल्या कपाटातलं काय स्कॅन केलं हे फक्त त्या वेळी काम करणाऱ्या मुलाला ठाऊक. तो आता दुसरीकडे नोकरीला. हे निस्तरलं नाही तर शोधात पान सापडूनही ते कशातलं आहे हे सांगता येत नाही, म्हणजे संदर्भ देता येत नाही, म्हणजे अभ्यासकाला त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक फोल्डरला दाखल क्रमांक, शीर्षक, खंड-अंक, वर्ष आणि मूळ प्रतीची कपाटातली जागा एवढं तरी हवंच. हे कंटाळवाणं काम आहे आणि इथे एआय खरोखर हात देतं. मुखपृष्ठाचं चित्र दिलं की शीर्षक, संपादक, छापखाना, किंमत, साल तक्त्यात भरून मिळतं. माणसाने फक्त तपासत जायचं. शकाचा इसवी सन करताना मात्र लक्ष ठेवा. शकात ७८ मिळवतात, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या अंकांना ७९ लागतात, आणि मासिकाचा अख्खा खंड एका वर्षाने सरकून बसायला एवढं पुरतं.

याच टप्प्यावर एक जुनी संपत्ती हाताशी असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या आधीच्या ग्रंथपालांनी केलेली हस्तलिखित सूचिपत्रं, कार्डांचे खण, दाखल नोंदवह्या, मासिकांच्या बांधीव खंडांना जोडलेल्या वार्षिक अनुक्रमणिका. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आणि कोट्यवधी कागद आहेत. त्यातून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. आजही सामान्य अभ्यासक त्या ४५ खंडांतच फिरतो, कारण तिथे सूची आहे. न छापलेल्या कागदांपर्यंत पोचायचं तर फेरिस्त, म्हणजे दफ्तराची हस्तलिखित यादी, आणि तिथला जाणकार कर्मचारी हेच दोन आधार. तेव्हा तुमच्या संग्रहातली पहिली पानं जी यंत्राला वाचायला द्याल, ती अनुक्रमणिकेची आणि सूचीची असू द्या. ती पानं संख्येने कमी, मांडणीने एकसारखी, आणि माणसाने शंभर टक्के तपासून घेता येतील एवढी आटोपशीर असतात. साठ वर्षांच्या मासिकाच्या साठ अनुक्रमणिका शुद्ध झाल्या की लेखक आणि लेखाच्या नावावरून शोध सुरू होतो, आतल्या एकाही पानाचं ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं यंत्राने वाचून मजकूर करणं) न करता. इतका स्वस्त फायदा पुढे कुठेच मिळणार नाही.

मग छापील मजकूर. इथे स्थिती बरीच सुधारली आहे. टेसरॅक्ट हे फुकट आणि खुलं साधन मराठी वाचतं, आपल्याच संगणकावर चालतं. गूगलची सशुल्क सेवा जुन्या खिळ्यांच्या छपाईवर बहुधा त्याहून बरी चालते. पण निकाल ठरतो तो स्कॅनवर. पूर्वी जागा वाचवायला अनेकांनी पानं निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली, करड्या छटा टाकून दिल्या. मराठीत हे फार महागात पडतं. अनुस्वाराचा ठिपका, रफार, उकाराचं शेपूट या बारीक गोष्टी त्यात उडतात, आणि कागदावरचे डाग मात्र ठिपके होऊन बसतात. तुमचे स्कॅन तसे असतील तर महत्त्वाचे खंड करड्या किंवा रंगीत छटांत, किमान ३०० डीपीआयने (इंचाला तेवढे ठिपके) आणि बारीक टाइपाला ४०० ने, पुन्हा स्कॅन करण्याचा खर्च आधी काढा. खराब चित्रावर हुशार मॉडेल लावण्यापेक्षा तो खर्च परवडतो. वर्तमानपत्रांत आणखी एक अडचण म्हणजे स्तंभ. यंत्र एका स्तंभाची ओळ संपवून शेजारच्या स्तंभात शिरतं आणि अग्रलेखाच्या मध्येच तेलाची जाहिरात येते. म्हणून आधी पानाची मांडणी ओळखणं आणि मग वाचणं अशा दोन पायऱ्या आहेत का, हे कंपनीला विचारा.

अचूकता किती, या प्रश्नावर तुम्हाला '९५ टक्के' असं उत्तर मिळेल. ते अक्षरांचं असतं. शंभरात पाच अक्षरं चुकली आणि शब्द सरासरी पाच अक्षरांचा धरला, तर साधारण दर चार-पाच शब्दांमागे एक शब्द बिघडलेला असतो. अक्षरचूक दोन टक्क्यांवर आली तर दहातला एक. शोधासाठी एवढंही पुष्कळ, कारण महत्त्वाचा शब्द लेखात अनेकदा येतो. मोठ्याने वाचून दाखवायला किंवा पुस्तक म्हणून पुन्हा छापायला मात्र हे अजिबात पुरेसं नाही.

बरं, सगळ्याला ओसीआर लागतंच असंही नाही. १९९० नंतरचे अंक, स्मरणिका, वार्षिक अहवाल पेजमेकरमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेले असतील, तर त्यांच्या फायली कुठल्या तरी मुद्रकाकडे किंवा सीडीवर असतात. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सर्वमान्य पद्धतीत, नसल्याने शोधता येत नाही, पण अक्षरं बिनचूक असतात. त्याला एआय नको, फाँट बदलून देणारा साधा कन्व्हर्टर हवा. पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघा. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला तर समजा हीच गोष्ट आहे. अशा फायली स्कॅन-ओसीआरच्या ढिगात घालून त्याचे पानागणिक पैसे लावलेले मी पाहिलेत.

आता शोधाकडे येतो, कारण ओसीआर चांगलं होऊनही मराठी शोध फसतो तो इथे. तुमचा वाचक 'काही' टाइप करतो. अंकात छापलंय 'कांहीं'. तो 'घरात' शोधतो, तिथे 'घरांत' आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण तुमचा निम्मा संग्रह त्याआधीचा. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ: कुठे 'आणि' कुठे 'आणी', कुठे 'पुना' कुठे 'पूना'. आणि एक न दिसणारी अडचण: 'दऱ्या', 'सुऱ्या' मधला अर्धा र संगणकात दोन-तीन प्रकारे साठवला जातो, डोळ्यांना सारखाच दिसतो, शोधाला वेगळा वाटतो. उपाय अवघड नाही. मूळ पाठ जसाच्या तसा ठेवायचा आणि शोधासाठी त्याची एक सपाट केलेली छुपी प्रत करायची: अनुस्वार गाळून, इकार-उकारांचं ऱ्हस्व-दीर्घ एकच करून, र च्या साठवणी सारख्या करून. वाचकाने टाइप केलेला शब्दही तसाच सपाट करून जुळवायचा. हे दिवस-दोन दिवसांचं प्रोग्रॅमिंग आहे आणि कुठल्याही महागड्या मॉडेलपेक्षा जास्त फरक पाडतं. प्रस्तावात याचा उल्लेख नसेल तर समोरच्याने मराठी संग्रहावर काम केलेलं नाही, असं खुशाल समजा.

अर्थावरून शोध ही पुढची पायरी, आणि इथे एआय नवीन काहीतरी देतं. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर काम करणारी विद्यार्थिनी 'प्लेग' शोधेल; त्या काळच्या मजकुरात 'ग्रंथिक सन्निपात' असेल, 'गाठीचा ताप' असेल, नाहीतर नुसतं 'साथ', 'क्वारंटाइन', 'सेग्रिगेशन' असेल. शब्दांच्या जवळिकीवर चालणारी मॉडेलं यातलं पुष्कळ जोडून देतात. मराठीवर खास शिकवलेली अशी खुली मॉडेलं आता आहेत. पुण्यातल्याच 'एल३क्यूब' गटाची 'महाबर्ट' मालिका त्यापैकी एक. पण ही मॉडेलं बहुतांशी आजच्या बातम्या आणि वेबवरच्या मजकुरावर वाढलेली आहेत. त्यांना मोहियाबाद म्हणजे बुधवार पेठ, मुर्तजाबाद म्हणजे शनिवार, मलकापूर म्हणजे रविवार आणि विसापूर म्हणजे शुक्रवार हे कुणी सांगितलेलं नसतं. ही जोडयादी तुमच्या जुन्या सभासदांनी बसून करावी: पेठा, वाडे, पूल, ओढे, बदललेली रस्त्यांची नावं, टोपणनावं, लेखकांची सह्यांची निरनिराळी रूपं. चार-पाचशे ओळींची अशी यादी शोधयंत्राला जोडली की परक्या कुणालाही जमणार नाही असा शोध तुमच्याकडे होतो. ती स्वतंत्र फाइल म्हणून ठेवा, कंपनीच्या पोटात नको.

मोडी कागदांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सध्या सगळ्यात मोठे दावे तिथेच चाललेत.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं ओवत जायची अशी रीत. ऱ्हस्व-दीर्घ बहुधा पाळलेलं नसतं, आणि दर लेखकाचं वळण निराळं. त्यात संक्षेप: 'रा।' म्हणजे राजश्री हे कळतं, पण 'ता।' कधी तर्फ असतो, कधी तागायत. संदर्भ पाहूनच ठरवावं लागतं. तिथी 'छ ५ रजब' अशी चांद्र, आणि साल अरबी शब्दांत. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११७७; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी १७७६-७७. हा हिशेब ठरीव नियमांचा आहे, म्हणून माणसाने साल वाचलं की पुढचं रूपांतर साध्या प्रोग्रॅमवर सोपवा. भाषेच्या मॉडेलला बेरीज विचारू नका.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, तरी व्यवहारात सगळ्यांना हवं असतं ते थेट देवनागरी लिप्यंतर. यंत्राला ते शिकवायचं तर मोडी ओळीचं चित्र आणि समोर जाणकाराने केलेलं लिप्यंतर अशा जोड्या लागतात, आणि नेमक्या त्याच नाहीत. आयआयटी रुरकीच्या गटाने २०२५ मध्ये अशा सुमारे २,००० प्रतिमांचा संच पुढे आणला. काम चांगलं आहे, योग्य दिशेचं आहे. फक्त त्या आकड्याशेजारी पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद ठेवून बघा, म्हणजे 'मोडीचा प्रश्न सुटला' या मथळ्यांवर किती विसंबायचं ते कळेल.

सर्वसाधारण चॅट मॉडेलला मोडी पान दिलं तर काय होतं? झकास, ओघवतं पत्र हातात येतं. 'राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी' हा मायना बरोबर, शेवटचं 'बहुत काय लिहिणे' बरोबर. बरोबर असणारच, कारण ही सगळी ठरलेली सूत्रं आहेत आणि मॉडेलने ती छापील पुस्तकांतून पाठ केलीत. मधल्या चार ओळी, ज्यांच्यासाठी ते पत्र लिहिलं गेलं, त्या बऱ्याचदा रचलेल्या असतात. मोडी न येणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. तुम्हाला परीक्षा घ्यायची तर एकच पान दोनदा द्या, दुसऱ्या खेपेला ओळी कापून, क्रम बदलून. मायना तोच आला आणि मधला मजकूर बदलला, तर यंत्र वाचत नाहीये, आठवून सांगतंय. नावांबाबत तर हे जास्तच होतं: अनोळखी नाव दिसलं की ते जवळच्या प्रसिद्ध नावाकडे झुकतं.

याचा परिणाम आता नुसता अभ्यासापुरता राहिलेला नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली, ते आपण पाहतोच आहोत. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतल्या एका शब्दावर कुणाचा तरी दाखला अवलंबून असतो. अशा कागदाचं यंत्राने केलेलं वाचन 'लिप्यंतर' या नावाखाली तुमच्या संस्थेच्या पानावर झळकलं, तर उद्या ते छापून घेऊन कुणी कचेरीत उभा राहील. संस्थेच्या शिक्क्याची किंमत आपल्याकडे किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग मोडीला एआय लावूच नये का? लावा, पण वाचनाआधीच्या कामांना. कोरी पानं वेगळी काढणं. पानावरच्या ओळी सुट्या करणं. मांडणीवरून पत्र, हिशेब, यादी असे ढीग पाडणं. शिक्के आणि मोर्तब असलेले कागद निवडणं. एकाच हाताचे कागद एकत्र आणणं. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी, आकारावरून शोध: एखाद्या गावाचं नाव मोडीत कसं दिसतं ते एका जागी दाखवून 'असंच दिसणारं आणखी कुठे आहे' असं विचारणं. त्यात यंत्र वाचण्याचा आव आणत नाही, चित्राला चित्र जुळवतं, आणि निर्णय माणूस करतो. एकाच कारकुनाच्या हातचे पुष्कळ कागद असतील तर ट्रान्स्क्रिबस किंवा ई-स्क्रिप्टोरियमसारख्या हस्तलिखितं वाचणाऱ्या साधनात त्या हातापुरतं मॉडेल शिकवता येतं. त्यासाठी लागणारं लिप्यंतर करणारी माणसं पुण्यात आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या आणि पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांतून दरवर्षी लोक शिकून बाहेर पडतात, आणि मग वाचायला कागद मिळत नाहीत म्हणून विसरतात. त्यांना पानागणिक मानधन द्या आणि लिप्यंतराखाली त्यांचं नाव घाला. 'सेवाभावी उपक्रम' म्हणून हे काम फार दिवस टिकत नाही.

कॅसेटींचं तुलनेने सोपं आहे. २०२२ मध्ये ओपनएआयने खुलं केलेलं व्हिस्पर आपल्याच संगणकावर चालतं आणि मराठी बऱ्यापैकी उतरवतं. केंद्र सरकारची भाषिणी आणि आयआयटी मद्रासचा एआय४भारत गट यांचीही साधनं आहेत. दोन खबरदाऱ्या घ्या. भाषा मराठी आहे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मधूनच हिंदी उतरायला लागतं. आणि जिथे नुसती खरखर, टाळ्या किंवा शांतता आहे तिथे व्हिस्पर कधीकधी न बोललेली वाक्यं घालतं, ती काढा. पूर्ण शब्दशः प्रत करायच्या फंदात पडू नका. दर दोन-तीन मिनिटांना काय विषय चाललाय याची ओळ आणि तिथे उडी मारायची सोय एवढं केलं तरी पानशेतच्या पुराबद्दल एखादा वक्ता चाळिसाव्या मिनिटाला काय म्हणाला ते ऐकता येतं. आवाज समोर असतोच, चूक असेल तर ऐकणाऱ्याला कळते. कीर्तन आणि पोवाड्यांवर मात्र हे सारं कोलमडतं. त्यांची नोंद हातानेच करा.

फोटोंना यंत्र जे वर्णन देतं ते 'पारंपरिक वेशातील पुरुषांचा समूह' या पलीकडे फारसं जात नाही. पगडी, पागोटं, फेटा, रुमाल यांतला फरक, ज्यावरून फोटोचा काळ आणि माणसाचा पेशा कळू शकतो, त्याला नीटसा कळत नाही. फोटोची मागची बाजू स्कॅन करा. तिथे पेन्सिलीने लिहिलेली नावं हा खरा मेटाडेटा, म्हणजे फोटोबद्दलची माहिती, आणि तो उतरवायला यंत्र चालेल. चेहरे ओळखण्याचं तंत्र सार्वजनिक संग्रहावर लावू नका.

आतापर्यंत मी म्हणत आलो की यंत्राचा पाठ हा पानापर्यंत नेणारा, पान शेजारी दिसत राहिलं पाहिजे. एका वाचकाला हे लागू पडत नाही: ज्याला पान दिसतच नाही. अंध वाचकाच्या दृष्टीने तुमचा आजचा सगळा संग्रह म्हणजे मुकी चित्रं. ओसीआर केल्यावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) बोलायला लागतो, पण त्याच्यासाठी तो पाठ हेच पान असतं. दर पाचव्या शब्दाला अडखळणारा, दोन स्तंभ एकमेकांत गुंतलेला मजकूर ऐकून पाहा, एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर मराठीही बोलतो; दहा मिनिटांत कान किटतात. पुण्यात अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि शाळा आहेत. त्यांच्यातले दोन-तीन वाचक पहिल्या दिवसापासून चाचणीला बोलवा, शेवटी उद्घाटनाला नव्हे.

सगळा संग्रह शुद्ध करणं तुम्हाला परवडणार नाही हे उघड आहे. म्हणून मागणीनुसार शुद्धीकरण ठेवा: अंध किंवा अल्पदृष्टी वाचकाने एखादा लेख मागितला की यंत्राचा पाठ मुद्रितशोधकाकडे जाईल, ठरावीक दिवसांत शुद्ध होऊन परत येईल, आणि मग तो कायमचा सगळ्यांसाठी राहील. मागणी येईल तसा तुमचा शुद्ध संग्रह वाढत जातो आणि पैसे लोकांना खरोखर हव्या असलेल्या पानांवर पडतात. कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातली प्रत करण्याची मुभा आली, आणि अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश होता. म्हणजे हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाचीही अशी प्रत ना-नफा तत्त्वावर त्या वाचकाला देता येते. सगळ्या जगाला खुली करता येत नाही, एवढंच. बाकी वाचकांसाठी नेहमीचा नियम: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ ला खुलं झालं. मासिकात दर लेखाचा लेखक वेगळा, म्हणून हा निर्णय खंडाचा नसतो, लेखाचा असतो.

गप्पा मारणाऱ्या यंत्राकडे येतो. ते वाईट नाही, अवेळी आहे. ते आतून आधी तुमच्या संग्रहात शोध घेतं आणि सापडलेल्या तुकड्यांवरून उत्तर जुळवतं. शोधच लंगडा असेल तर उत्तरही लंगडं, पण भाषा मात्र सफाईदार, त्यामुळे लंगडेपण दिसत नाही. नोंदी, अनुक्रमणिका, सपाट शोध आणि जोडयादी एवढं झाल्यावर ते लावलंत तर तीन अटी घाला. दर विधानाशेजारी मूळ पानाचं चित्र उघडलं पाहिजे. संग्रहात नसेल तर 'सापडलं नाही' असं म्हटलं पाहिजे. याची परीक्षा म्हणून संग्रहात नक्की नसलेल्या दहा गोष्टी विचारा. आणि ज्यांचा पाठ माणसाने तपासलेला नाही अशा मोडी कागदांवरून त्याने काहीही सांगता कामा नये. जुन्या मजकुरात जातींबद्दल, स्त्रियांबद्दल जे शब्द येतात ते मूळ पानावर तसेच राहतील. यंत्राने केलेल्या सारांशात ते संस्थेचे शब्द म्हणून येणार नाहीत, एवढंही बघा.

कराराबाबत थोडं. यंत्राने दिलेला कच्चा पाठ, शब्दांच्या पानावरच्या जागांसह, खुल्या स्वरूपात तुमच्याकडे राहिला पाहिजे. ओसीआरची साधनं सुधारतात आणि काही वर्षांनी पुन्हा चालवावंसं वाटतं. कुठल्या साधनाची कुठली आवृत्ती कधी चालवली हे प्रत्येक फायलीत नोंदलेलं असावं. तुमची पानं त्यांच्या मॉडेलच्या शिकवणीसाठी वापरायची का, हे लेखी ठरवा. नकार द्यायचा अधिकार तुमचा आहे आणि होकार दिलात तर मोबदला मागायचाही. देणगीदारांची खासगी पत्रं असतील तर ती फुकटच्या ऑनलाइन साधनांवर चढवू नका, आपल्याच संगणकावर चालणारी साधनं वापरा.

आणि डेमो बघून भुलू नका, डेमोत नेहमी स्वच्छ छापलेलं पान असतं. नमुन्याची पानं तुम्ही निवडा: एक बुरशी लागलेलं, एक तीन स्तंभांचं, एक दोन्ही बाजूंची शाई एकमेकींत उतरलेलं, एक तक्त्याचं, एक कवितेचं, एक एकोणिसाव्या शतकातलं आणि दोन मोडी. अशी पन्नासेक जमवा. पाठवण्याआधी त्यांचा बिनचूक पाठ टाइप करून आपल्याकडे ठेवा, तो त्यांना दाखवू नका, आणि त्यांचा निकाल आला की अक्षरागणिक जुळवून दर प्रकाराची चूक वेगळी काढा. ज्या प्रकारात निकाल चांगला येईल तेवढ्याच प्रकाराचं काम त्यांना द्या.